क्रमशः खेळायची गोष्ट : गिल्ड वॉर्स २ नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

लहानपणी आमच्या घरी एक साप्ताहिक यायचं, त्यातल्या कादंबरीच्या पानाच्या तळाशी 'क्रमशः' छापलेलं असायचं. आई ते वाचून अंक बाजूला ठेवायची आणि मग आठवडाभर शेजारच्या काकूंशी तिची चर्चा चालायची, त्या नायिकेचं आता काय होणार, तो भाऊ खरंच मेला का वगैरे. मला आता वाटतं की त्या कादंबरीची निम्मी मजा त्या चर्चेत होती. ऑनलाईन मल्टिप्लेअर गेममध्ये तुकड्यातुकड्याने येणारी गोष्ट मी नेमकी याच कारणासाठी खेळतो. एक भाग येतो, आपण खेळतो, मग पुढचा येईपर्यंत त्याच जगात बाकीच्या लोकांबरोबर राहतो.

पण नवीन माणसाचा इथे मोठा गोंधळ होतो. तो येतो तेव्हा दहा-बारा वर्षांचे भाग आधीच येऊन पडलेले असतात, कुठून सुरू करायचं, काय विकत घ्यायचं, काय फुकट आहे, काय कायमचं गेलं, काही कळत नाही. म्हणून मला जो गेम सगळ्यात जवळून माहीत आहे, गिल्ड वॉर्स २, तो धरून सगळं सांगतो. दुसरा कुठला गेम खेळणार असाल तरी यातलं बरंचसं तिथेही लागू पडेल.

आधी हे बघा : जुने भाग शिल्लक आहेत का

कुठल्याही अशा गेममध्ये शिरण्याआधी हा एक प्रश्न विचारायचा. गेनशिन इम्पॅक्टमध्ये साधारण सहा आठवड्यांनी नवीन व्हर्जन येतं, मुख्य गोष्ट तशीच राहते पण मधले बरेच छोटे इव्हेंट संपले की संपले. डेस्टिनी २ ने तर नोव्हेंबर २०२० मध्ये जुन्या मोहिमाच गेममधून बाहेर काढल्या, म्हणजे पहिली मुख्य कहाणीसुद्धा नव्या माणसाला खेळता येईना. फायनल फँटसी १४ चं बरोबर उलटं आहे, तिथे सगळं जागेवर आहे पण ओळीने खेळावंच लागतं, मधलं सोडून पुढे जायची सोय नाही (पैसे भरून उडी मारता येते, मला ते पटत नाही).

गिल्ड वॉर्स २ मध्ये दोन्ही प्रकार होऊन गेलेत. अरेनानेट कंपनीचा हा गेम ऑगस्ट २०१२ मध्ये आला आणि २०१३ च्या सुरुवातीपासून त्यांनी 'लिव्हिंग वर्ल्ड' नावाने गोष्ट सोडायला सुरुवात केली, काही काळ तर दर दोन आठवड्यांनी नवीन काहीतरी येत होतं. पण तो पहिला सीझन तात्पुरता होता. ज्यांनी त्या त्या आठवड्यात खेळलं त्यांनाच तो मिळाला, मार्च २०१४ मध्ये सीझन संपला आणि सगळं गेलं. आणि त्याच सीझनमध्ये ब्रॅहम, रॉक्स, मार्जरी, कॅझमीर, टायमी ही मंडळी पहिल्यांदा आली, जी पुढे कितीतरी वर्षं तुमच्याबरोबर चालतात.

मी २०१७ मध्ये आलो. नवीन एक्स्पान्शन (म्हणजे मूळ गेमला जोडून वेगळी विकली जाणारी मोठी भर) नुकतं आलं होतं, त्याच्याबरोबर कॅरेक्टर थेट ८० लेव्हलला नेणारा बूस्ट मिळाला, तो वापरला आणि सरळ नव्या गोष्टीत शिरलो. आणि समोरची माणसं माझ्याशी जुन्या मित्रासारखी बोलत होती, कुणी मेलेल्या माणसाची आठवण काढत होतं, कुणी कुणावर रागावलेलं होतं, आणि मला त्यातलं एकही माणूस ओळखीचं नव्हतं. लग्नात चुकून दुसऱ्याच हॉलमध्ये जेवायला बसल्यासारखं वाटत होतं. लढाया छान होत्या, वाळवंट सुंदर होतं, पण मन कुठेच अडकलं नाही आणि महिन्याभरात मी गेम सोडला.

एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी पहिला सीझन परत आणायला घेतला, तोही टप्प्याटप्प्याने, आणि नोव्हेंबर २०२२ पर्यंत पाचही भाग पूर्ण केले. तेव्हा मी नवीन कॅरेक्टर बनवून सगळं पहिल्यापासून ओळीने खेळलो. तोच गेम, तीच माणसं, पण यावेळी रडू आलं. म्हणून पुढचं सगळं एवढ्या आग्रहाने सांगतोय.

अकाउंट उघडताना

मूळ गेम फुकट आहे, २०१५ पासून. मूळ गेमची पूर्ण कहाणी आणि लिव्हिंग वर्ल्डचा परत आलेला पहिला सीझन, दोन्ही एक पैसा न भरता खेळता येतात, म्हणजे दोन-तीन महिने आरामात जातील, त्याआधी काहीही विकत घेऊ नका. डाउनलोड मोठं आहे, पन्नास जीबीच्या वर जागा मोकळी ठेवा, पण सगळं उतरेपर्यंत थांबावं लागत नाही, थोडं उतरलं की खेळायला सुरुवात करता येते आणि बाकीचं मागे चालू राहतं.

गेम कंपनीच्या साईटवरून घेता येतो आणि ऑगस्ट २०२२ पासून स्टीम या गेमच्या ऑनलाईन दुकानातही आहे. कुठून घ्यायचा ते पहिल्या दिवशीच ठरवा, कारण स्टीमवर उघडलेलं अकाउंट आणि साईटवर उघडलेलं अकाउंट ही दोन वेगळी अकाउंट असतात आणि नंतर एकाचं सामान दुसऱ्यात नेता येत नाही.

रिजन निवडताना दोनच पर्याय, युरोप आणि उत्तर अमेरिका. भारतात सर्व्हर नाही. मी पुण्यातून युरोपवर खेळतो, पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) जास्त असतो पण गोष्ट खेळायला त्याने काही बिघडत नाही. ज्या मित्रांबरोबर खेळायचंय त्यांचं रिजन आधी विचारा, कारण एक जण युरोपवर आणि दुसरा अमेरिकेवर असला तर गोष्ट एकत्र खेळता येत नाही. माझी मावसबहीण जर्मनीत असते, आम्ही शनिवारी रात्री नऊला बसतो तेव्हा तिच्याकडे हिवाळ्यात दुपारचे साडेचार आणि उन्हाळ्यात साडेपाच वाजलेले असतात, त्यामुळे दोघांनाही जमतं. अमेरिकेतल्या नातेवाईकांबरोबर खेळणार असाल तर त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, मग रविवारी सकाळी लवकर उठून खेळावं लागेल.

क्रम : ज्या क्रमाने आलं त्याच क्रमाने

गोष्टीची सगळी यादी एका ठिकाणी दिसते. कीबोर्डवर एच दाबा, हिरो पॅनल उघडेल, त्यात स्टोरी जर्नल आहे. तिथे मोठी पुस्तकं ओळीने लावल्यासारखी दिसतात. अडचण अशी की ८० लेव्हल झाली की हा जर्नल तुम्हाला विकत घेतलेलं कुठलंही पुस्तक उघडू देतो, आधीचं पूर्ण केलं नसलं तरी. सोयीचं आहे, पण नव्या माणसाचा घात इथेच होतो.

क्रम असा ठेवा. आधी मूळ गेमची पर्सनल स्टोरी. मग लिव्हिंग वर्ल्ड सीझन १, पाच भाग. मग सीझन २, आठ भाग. मग हार्ट ऑफ थॉर्न्स हे २०१५ चं एक्स्पान्शन. मग सीझन ३, सहा भाग. मग पाथ ऑफ फायर, २०१७ चं. मग सीझन ४, परत सहा भाग. त्यानंतर आइसब्रूड सागा, एक प्रस्तावना आणि पाच भाग. मग २०२२ चं एंड ऑफ ड्रॅगन्स, आणि तिथून पुढे सीक्रेट्स ऑफ द ऑब्स्क्युअर, जांथिर वाइल्ड्स अशी नवीन पद्धतीची एक्स्पान्शन, ज्यांची गोष्ट त्या एक्स्पान्शनच्याच पैशात वर्षभर थोडी थोडी येत राहते.

आता एक सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल, की पाथ ऑफ फायर घ्या, त्याचं पहिलं प्रकरण खेळा, रॅप्टर नावाचं उड्या मारणारं वाहन मिळतं, ते घेऊन परत मागे या म्हणजे फिरणं सोपं होईल. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि रॅप्टरने फिरणं खरंच सोपं होतं. पण त्या पहिल्याच प्रकरणात सीझन ३ चं सगळ्यात मोठं गुपित उघडं पडतं. एका वाहनासाठी सहा भागांचा शेवट घालवायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी माझ्या बहिणीला नको सांगितलं, ती पायी फिरली, आणि सीझन ३ च्या पाचव्या भागात हेडफोनमधून तिचा जो आवाज आला तो मी विसरणार नाही.

बूस्टचंही तसंच. एक्स्पान्शनबरोबर मिळतो, पहिल्या कॅरेक्टरवर वापरू नका. पर्सनल स्टोरी दर दहा लेव्हलला एक प्रकरण अशी उघडते, १०, २०, ३० करत ८० पर्यंत, आणि मधल्या वेळात तुम्ही नकाशे फिरता, लोकांना मदत करता, जग ओळखीचं होतं. गेम आला तेव्हाही कमाल लेव्हल ८० होती आणि आजही ८० च आहे, एकदा पोचलात की पुढे ती शर्यत परत नाही. घाई करून काय मिळणार.

कॅरेक्टर बनवताना पाच वंश दिसतील, माणूस, चार्र, नॉर्न, असुरा आणि सिल्व्हारी. कुठलाही चालतो. पण गोष्टीसाठीच खेळणार असाल तर सिल्व्हारी घेऊन बघा, झाडापासून जन्मलेली माणसं आहेत ती, आणि पुढे सीझन २ पासून त्यांच्या वाट्याला जे येतं ते सिल्व्हारी म्हणून अनुभवणं वेगळंच आहे. का ते सांगत नाही.

पैसे कधी आणि किती

सीझन १ फुकट. सीझन २, ३, ४ आणि आइसब्रूड सागा यांचे भाग जेव्हा नवीन यायचे तेव्हा त्या काळात एकदा लॉगिन केलं तरी कायमचे फुकट मिळायचे, ती मुदत आता गेली, त्यामुळे आपल्याला विकत घ्यावे लागतात. एक भाग २०० जेम्सचा, जेम्स म्हणजे गेमच्या दुकानात चालणारं चलन. ८०० जेम्स दहा डॉलरला मिळतात, म्हणजे एक भाग अडीच डॉलर पडला. अख्खा सीझन एकदम घेतला तर थोडा स्वस्त पडतो, आणि अधूनमधून सेलही असतो. शिवाय सीझन ३ साठी हार्ट ऑफ थॉर्न्स आणि सीझन ४ व सागासाठी पाथ ऑफ फायर अकाउंटवर असायला लागतं.

पण रोख पैसे न भरताही जमतं. ओ दाबला की ब्लॅक लायनचं दुकान उघडतं, तिथे गेममधलं सोनं देऊन जेम्स घेता येतात, भाव रोज खाली-वर होतो. मी सीझन २ चे चार भाग असेच घेतले, आठवड्याला एक, आणि ज्याच्यासाठी आठवडाभर कष्ट करून सोनं जमवलं तो भाग खेळताना एकही संवाद वगळावासा वाटला नाही.

सगळं एकदम घेऊन ठेवू नका. पुढचा भाग हातात असला की माणूस चालू भाग उरकतो. सीझन २ चे दोन भाग घ्या, आवडले तर पुढे जा.

एक भाग खेळायची माझी पद्धत

सुरू करण्याआधी सेटिंगमध्ये सबटायटल्स चालू करा. आवाज इंग्रजीत ऐकायचा असतो आणि लढाईच्या गोंधळात अर्धं वाक्य निसटतं, खाली वाचलं की कळतं. हिरवी चांदणी नकाशावर दिसते, तिथे जायचं, गोष्टीचं प्रकरण वेगळ्या बंद जागेत सुरू होतं ज्यात तुम्ही आणि तुमच्या पार्टीतले मिळून जास्तीत जास्त पाच जण असतात.

दोघं-तिघं मिळून खेळणार असाल तर सगळ्यांनी गोष्टीत एकाच पायरीवर असायला हवं, तरच शेवटी प्रत्येकाला 'ही प्रगती स्वीकारायची का' असं विचारलं जातं, तिथे होकार द्यायचा, नाहीतर नंतर एकट्याने परत खेळावं लागतं. आणि आधीच ठरवून घ्या की पात्रं बोलत असताना कुणी पुढे पळायचं नाही. आमचा नियम असा की व्हॉइस चॅटवर त्या वेळी कुणी बोलायचं नाही, जे काय वाटलं ते प्रकरण संपल्यावर.

प्रकरण संपलं की लगेच बाहेर पडू नका! हे मला फार उशिरा कळलं. शेवटची लढाई झाल्यावर तुमचे साथीदार तिथेच उभे असतात, त्यांच्या डोक्यावर बोलायची खूण असते, जाऊन बोला. टायमी म्हणून एक लहान असुरा मुलगी आहे, तिला चालायला त्रास होतो म्हणून ती स्क्रफी नावाच्या यंत्रावर बसून फिरते, तिचं बरंचसं मन या अशा शेवटच्या गप्पांमध्येच कळतं, मुख्य प्रसंगात ती सतत हुशार आणि धीट असते. ब्रॅहमचं त्याच्या आईशी असलेलं नातंही तसंच, तुकड्यांत समजतं. हे साथीदार रेंगाळणाऱ्यालाच भेटतात.

एका बैठकीत एकच भाग, फार तर दोन बैठकांत एक भाग. मग आठवडाभर पुढचा उघडायचा नाही. चारही सीझन आणि सागा मिळून एकतीस भाग होतात, आठवड्याला एक धरला तर सात-आठ महिने, मधली एक्स्पान्शन वेगळी. ज्यांनी हे मुळात खेळलं त्यांना यासाठी आठ वर्षं थांबावं लागलं होतं, आपण त्यातला थोडा तरी थांबा घेऊ शकतो.

मधल्या आठवड्यात काय करायचं

इथे मल्टिप्लेअर खरा सुरू होतो. बहुतेक भागांबरोबर एखादा नवीन नकाशा उघडतो किंवा जुना वाढतो, आणि त्यात गोष्टीतलंच संकट सगळ्या खेळाडूंसाठी चालू असतं. सीझन २ मधल्या ड्राय टॉपमध्ये दर तासाला वीस मिनिटं वाळूचं वादळ येतं, आपल्या घड्याळात बरोबर दहा मिनिटांनी सुरू होऊन साडेला संपतं, म्हणजे नऊ दहा ते साडेनऊ, दहा दहा ते साडेदहा असं. वादळाच्या आधी दहा मिनिटं जाऊन उभं राहा. सिल्व्हरवेस्ट्समध्ये चार किल्ले लोक मिळून राखतात आणि ते टिकले तरच शेवटच्या मोठ्या लढाईची वाट उघडते. सीझन ४ च्या शेवटच्या ड्रॅगनफॉलमध्ये तीन गटांच्या छावण्या आहेत आणि तिथे अजून गर्दी जमते.

एकट्याने हे होत नाही. वाय दाबा, त्यात ग्रुप शोधायची जागा आहे, नकाशाचं नाव लिहून कुणीतरी माणसं गोळा करत असतं, जॉइन व्हा. नकाशावर कमांडरचं, म्हणजे सगळ्यांना घेऊन जाणाऱ्या खेळाडूचं, चिन्ह दिसेल, त्याच्या मागे जा. नवीन आहात हे चॅटमध्ये सरळ लिहा, 'पहिल्यांदाच आलोय, गोष्ट आत्ता इथे पोचलीय, पुढचं सांगू नका' एवढं लिहिलंत तरी लोक सांभाळून बोलतात. माझा तरी अनुभव फार चांगला आहे, एका अनोळखी माणसाने अर्धा तास थांबून मला एका अवघड उडीवर पलीकडे नेलं होतं.

पहिल्या सीझनमधली काही मोठी गर्दीची लढाईसुद्धा आता वेगळ्या रूपात सापडते. जानेवारी २०१४ मध्ये आलेली ट्विस्टेड मॅरिओनेट, पाच साखळ्यांनी बांधलेली अजस्र यांत्रिक बाहुली, २०२१ मध्ये परत आली. ती खेळाल तेव्हा तुमच्या आजूबाजूला असे लोक असतील ज्यांनी ती पहिल्यांदा पाहिली होती. विचारा त्यांना. लायन्स आर्च शहर उद्ध्वस्त झालं त्या आठवड्याबद्दल विचारा. ते शहर पुढे २०१५ मध्ये नव्याने बांधलं गेलं, म्हणून सीझन १ खेळण्याआधी आजच्या लायन्स आर्चमध्ये एक चक्कर मारा, मग गोष्टीत जुनं शहर बघा, मग परत आजच्या शहरात जा.

अडलात तर चॅटमध्ये स्लॅश विकी आणि त्या गोष्टीचं नाव लिहा, अधिकृत विकीचं पान उघडतं. पण माणसांच्या नावांची पानं उघडू नका, पहिल्याच ओळीत कोण जिवंत कोण मेलं ते कळतं. जागांची आणि कामांची पानं सुरक्षित. युट्यूबवर गेमचं नाव शोधलंत तर व्हिडिओच्या चित्रावरच शेवट छापलेला असतो, तेही टाळा. हार्ट ऑफ थॉर्न्समध्ये काही प्रकरणं मास्टरी, म्हणजे ८० लेव्हलनंतर कमवायची खास कौशल्यं, शिकल्याशिवाय उघडत नाहीत, तिथे वैतागू नका, आठवडाभर त्या जंगलात लोकांबरोबर हिंडलात की ती आपोआप होतात.

सगळ्यांच्या बरोबरीला आलात की

मग तुम्हीही थांबणाऱ्यांमध्ये आलात. नवीन भाग साधारण तीन-एक महिन्यांनी येतो, बहुतेक वेळा मंगळवारी, अमेरिकेतल्या सकाळी, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेनऊच्या सुमारास आणि हिवाळ्यात साडेदहाला. पहिल्या तासात प्रत्येक नकाशात तुडुंब गर्दी असते, चॅटमध्ये कुणालाच काही माहीत नसतं, सगळे एकमेकांना विचारत असतात, आणि जेवढं जमेल तेवढं त्याच रात्री खेळा कारण ही एक रात्र परत मिळत नाही. बहीण त्या दिवशी ऑफिसमधून लवकर निघते. मी जेवण आधी उरकून घेतो, अपडेट उतरेपर्यंत आम्ही मागच्या भागात काय झालं होतं ते एकमेकांना सांगतो, तिला नेहमी माझ्यापेक्षा जास्त आठवतं.